उकार

तहसीलच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं,
नेमकं काय बदलायचंय?
म्हटलं, एक उकार काढायचाय,
तिथं वेलांटी द्यायचीय. लच्चूची लच्ची.
तो हसला. वाईट नाही, दमलेला.
उकाराला गॅझेट लागतं, बाई...
मग थांबून, भाऊ...
मग नुसतंच, सोमवारी या.

दंडारीत मी बाई व्हायचो.
व्हायचो म्हणते, कारण तेव्हा तसंच म्हणायचे.
आत्याचं लुगडं, उसन्या पाटल्या,
पुढं घुसाड्यांचे मोरपिसी टोप डुलायलेत
आणि मागं आम्ही चार पोरं, बायका झालेली,
मोहगुड्यापासून पाहुण्या गावापर्यंत.
कुणी दात काढत नव्हतं. देवाचं काम ते.
म्हातारे म्हणायचे, तोडसामची पोरगी झकास नाचली.
दिवाळी सरली की नदीवर जायचं,
घुंगरू सोडायचे, तोंड धुवायचं.
तिघं धुऊन आली.
मी पैनगंगेत कमरेइतकी उभी,
लुगडं चहूबाजूंनी फुगून वर आलेलं,
आणि काठावरून बाप,
अय लच्चू, संपलं की आता.

नांदेडला नगीना गुरूनं भाकरी दिली,
टाळी शिकवली, स्टेशन शिकवलं.
तिचं देणं फिटायचं नाही.
पण झोपेत मी गोंडीत बडबडायचे
आणि शेजारची फरजाना कूस बदलत म्हणायची,
ए जंगली, धीरे बोल.

एकदा संस्थेची पोरगी आली, चष्मेवाली, चांगली.
भिंतीवर कागद चिकटवले, कागदावर शब्द,
शब्दांना रंगीत बाण.
तुमच्या जमातीत काय म्हणतात, ताई?
मला काही आठवेना.
म्हणत नाहीत, म्हटलं. दंडारीला बोलावतात.
तिनं ते लिहून घेतलं.
कुठल्या रकान्यात लिहिलं, देव जाणे.

रात्री मात्र आठवलं.
शाळेत कुलकर्णी बाई तो, ती, ते घोकून घ्यायच्या
आणि आम्ही गुड्यातली पोरं सारखी चुकायचो,
कारण आमच्या बोलीत दोनच.
एक गड्यासाठी.
आणि दुसरा, अद्, उरलेल्या सगळ्यांसाठी.
आई अद्. गाय अद्. सागाचं झाड,
कापसाचं बोचकं, किनवट आगाराची बस,
ताप, भूक, नदी.
बाई छडी घेऊन म्हणायच्या, अरे बाई आणि बस एकच कशी?
मला ते कधी कमीपणाचं वाटलं नाही.
गड्यांची खोली लहान होती,
बाहेर सगळं रान.
मी बाहेर जाऊन उभी राहिले, एवढंच.

आता दोन दाखले आहेत, प्लास्टिकच्या पिशवीत.
जमातीच्या दाखल्यावर लच्चू, पुरुष, गोंड.
दुसऱ्यावर लच्ची, फोटोत टिकली, जमात कोरी.
एकमेकांना ओळखत नाहीत ते.
वनहक्काच्या जमिनीला लच्चू लागतो,
दवाखान्यात लच्ची,
आणि रेशनच्या दुकानात अंगठा,
त्याला बिचाऱ्याला दोन्ही माहीत नाही
आणि तो उमटतही नाही बहुतेक वेळा.
साहेब म्हणाले, आधी ठरवा तुम्ही नेमके कोण.
मी आदिवासी म्हणून उभी राहिले की बाप्या होते,
बाई म्हणून उभी राहिले की गाव पुसलं जातं.
ठरवलेलं केव्हाच आहे, साहेब.
तुमचा कागद अरुंद आहे.

संध्याकाळी आत्या चुलीपाशी.
ती लिहायला शिकली नाही.
विचारते, काय झालं त्या उकाराचं?
दिसतो तरी कसा?
मी राखेत बोटानं काढून दाखवला,
खाली वळलेली शेपटी.
आत्यानं वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं.
एवढाच?
तेवढ्यात कोंबडी राखेतून चालत गेली,
पिल्लं मागं.
आत्या म्हणाली, हात धू, जेवून घे,
सोमवारची सातची बस चुकवू नको.